घंटेच्या कपाळावरचं कुंकू

रुचिताचा फोन आला तेव्हा मी बेटेगावच्या देवळात, सप्ताहाच्या भंडाऱ्यासाठी शेंगा मोडत बसले होते. बाहेर माईकवाला "हॅलो, हॅलो" करून कान किटवत होता. त्यामुळे पहिल्यांदा मला वाटलं, पोरगी मला कोर्टात बोलावतेय.

"कोर्टात नाही हो बाई, शाळेत! शुक्रवारी. पहिला तास इतिहासाचा, तो तुमचा. मग कायद्याचा माझा. जेवणानंतर गुन्हा कसा शोधतात ते चिराग शिकवेल. नववीचा वर्ग."

"शुक्रवारी संध्याकाळी इथे कीर्तन आहे गं. बुवा लांबून येतायत."

"मी स्वतः गाडीने आणून सोडते. बुवा नमनाला उभे राहायच्या आत."

ही रुचिता पालघरच्या कोर्टात वकील आहे. चिराग पोलिसांच्या ठसे तपासणाऱ्या विभागात असतो. दोघं माझे एकाच वर्गातले विद्यार्थी. ती तेव्हाही वाद घालायची, आणि तो तेव्हाही फळ्यावरच्या खडूच्या धुळीत बोटं उमटवून बघायचा. आपली मुलं इतकी मोठी होऊन आपल्याला "तास घ्या" म्हणतात, तेव्हा कोणती बाई नाही म्हणेल?

शाळा तारापूरच्या अंगाला आहे, समुद्रावरच्या एका मच्छीमार गावात. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. का, ते शेवटी कळेल. माझी सगळी नोकरी तिथेच गेली. बोईसरहून एसटीने निघायचं. कारखान्यांचे भोंगे मागे पडले की वाडीतल्या फुलांचा वास, आणि त्याहून पुढे गेलं की सुकत घातलेल्या बोंबलांचा. नवीन लागले तेव्हा मी नाकाला पदर लावायचे. नंतर नंतर तो वास आला नाही तर चुकल्यासारखं व्हायचं. त्या शुक्रवारी रुचिताच्या गाडीत एसी होता. मी म्हटलं, "काच खाली कर." ती हसली. "मलाही तेच हवं होतं बाई, पण तुम्ही काय म्हणाल म्हणून बसले होते."

वर्ग तोच. बाक नवे, पंखे नवे. तासाला आता विजेची घंटा वाजते, कर्कश, एखाद्यावर ओरडल्यासारखी. पण जुनी पितळी घंटा व्हरांड्यात अजून टांगलेली होती. शाळा सुटताना तेवढी अजून तीच वाजवतात. तिच्या पोटावर, बरोबर मध्ये, कुंकवाचा एक मोठा टिळा. दर नारळी पौर्णिमेला, होड्या समुद्रात जायच्या आधी, गावातल्या बाया शाळेत येतात. चिंच आणि राख लावून घंटेचं कपाळ घासतात, मग नवं हळदकुंकू लावतात. त्या जागेला त्या कपाळच म्हणतात. ते सगळं मी किती वर्षं पाहिलं. पाहिलं म्हणजे, नुसतं पाहिलं.

रुचिताने मुलांना सांगितलं, "आज आपण एक खटला चालवायचा. तिन्ही तास एकच खटला. विषय तुम्ही निवडा, पण आपल्या गावातला पाहिजे."

झाला गलका. कोणी म्हणालं मोबाईलची चोरी, कोणी म्हणालं शेजारणीची कोंबडी. दर्पण नावाचा एक उंच, फटकळ पोरगा म्हणाला, "माजी सायकल पंक्चर कोन करतो ते शोधा. मला म्हायती हाय कोन करतो, पन शोधा."

मग तिसऱ्या बाकावरून एक मुलगी उठली. बारीक चण, घट्ट दोन वेण्या.

"माझ्या आजोबांचा चालवा."

"तुझं नाव काय?"

"उन्नती. घंटाचोराची नात." तिने दर्पणकडे बघितलं. "हा असंच म्हनतो ना मला. हा म्हनतो, ह्याची आय म्हनते, सगला गाव म्हनतो. तर एकदा कोर्टात होऊन जाऊ दे. चोर ठरले तर मी पन म्हनेन."

दर्पण कानामागे खाजवायला लागला. रुचिताने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं, ती विषय बदलेल. पण ती म्हणाली, "आरोपीचा वकील कोण?"

"मीच," उन्नती म्हणाली.

"सरकारी वकील?"

सगळ्यांनी दर्पणकडे बोट दाखवलं. न्यायाधीश म्हणून त्यांनी रूपलला निवडलं. कारण विचारलं तर म्हणाले, ती कोणाशी बोलतच नाही.

मी इतिहास शिकवायचे तो कीर्तनासारखा. आधी पूर्वरंग, म्हणजे तत्त्व काय ते सांगायचं. मग आख्यान. आणि शेवटी आख्यान पुन्हा त्या तत्त्वाला आणून बांधायचं. एका साहेबांनी तपासणीच्या वेळी शेरा मारला होता की बाई वर्गात गातात. खरं होतं ते. त्या दिवशी आवाज जरा फाटला, पण मी म्हटलं, "मुलांनो, इतिहास म्हणजे दोनच प्रश्न. कोण सांगतंय? आणि कशावरून सांगतंय? आता घंटेची गोष्ट सांगा. एकेकाने. कशावरून, ते सांगायला विसरू नका."

गोष्ट अशी जुळली. विश्राम तांडेल, उन्नतीचे आजोबा, तरुणपणी होडीचे तांडेल होते, म्हणजे होडी हाकणारे प्रमुख. त्यांच्या जाळ्यात चिखलातून ही घंटा वर आली. कुठल्यातरी होडीची असणार. गावाची रीत अशी की जाळ्यात मासळी सोडून जे येईल ते देवीच्या पायरीवर ठेवायचं, धनी येईपर्यंत. धनी काही आला नाही. बरीच वर्षं घंटा देवीपाशी राहिली. मग गावात हायस्कूल झालं आणि विश्रामकाकांनी स्वतः ती खांद्यावरून आणून शाळेला दिली. मी नोकरीला लागायच्या आधीची ही गोष्ट. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी घंटा निरखून पाहिली आणि म्हणाले, "इथे होडीचं नाव कोरलेलं होतं. कोणीतरी घासून काढलंय."

बस. एवढं एक वाक्य. कोण घासेल? ज्याच्या जाळ्यात घंटा आली तो. कशाला घासेल? धन्याने ओळखू नये म्हणून. त्या दिवसापासून विश्राम तांडेल घंटाचोर झाला. तोंडावर कोणी म्हणायचं नाही, पण पाठ वळली की घंटेचा आवाज काढायचे. ठण्ण. आणि काकांनी कधी एका शब्दाने उत्तर दिलं नाही. लोक म्हणाले, बघा, बोलायला तोंड नाय.

"आणि हे सगळं कशावरून?" मी विचारलं.

"सगले म्हनतात त्यावरून," दर्पण म्हणाला, आणि त्याचं त्यालाच हसू आलं.

दुसरा तास रुचिताचा. ती फळ्यापाशी उभी राहिली तशी मला ती वाद घालता घालता खडू मोडणारी पोरगी दिसायला लागली. तिने सांगितलं, सापडलेली वस्तू उचलली म्हणजे चोरी झाली असं कायदा म्हणत नाही. पण ती वस्तू आपली होत नाही. धनी शोधायचा, तोवर जपायची. धनी कोण हे ठाऊक असून दडवली, किंवा शोधलाच नाही आणि आपली म्हणून ठेवली, तर तो गुन्हा.

"म्हणजे आपल्यापुढे प्रश्न दोनच," तिने फळ्यावर लिहिलं. "नाव मुद्दाम पुसलं का? आणि धनी शोधला का?"

उन्नती ते वहीत उतरवून घेत नव्हती. नुसती बघत होती. डबा खायच्या सुट्टीत ती धावत घरी गेली आणि आजोबांना घेऊन आली.

विश्रामकाका आता बरेच वाकलेत. धुतलेला सदरा, डोक्याला लाल टोपी, आणि हातात कारण नसताना छत्री. मला बघून थांबले.

"मंदाबाय? तुमी पन हाय का कोर्टात? मंग फाशीच होनार."

"तुम्हाला माहीत आहे ना काका, कशाला बोलावलंय?"

"नात म्हनली, चल. मी म्हनलं, चल. घरात बसून तरी काय, टीव्ही कालपासून बंद हाय."

दर्पणने छाती फुगवून आरोळी ठोकली, "आरोपी विश्राम तांडेल हाजिर हो!"

"आरं हाजर हाय की! वरडतो कशाला? मी भैरा नाय, तुजा आजा भैरा हाय."

वर्ग हसला. उन्नती हसली नाही. आत्ता पुरावा निघणार होता आणि तो कुठल्या बाजूने निघेल हे तिला ठाऊक नव्हतं.

चिरागने घंटा उतरवून टेबलावर ठेवली. खिडक्या लावायला सांगितल्या. कुंकवाचा टिळा ओल्या फडक्याने हळूच टिपला. मग टॉर्च घेतला, पण वरून नाही धरला. टेबलाला लावून आडवा धरला.

"उजेड आडवा पडला की लहानसहान खड्डेसुद्धा सावली टाकतात. ये उन्नती. सरकारी वकील, तूपण ये. काय दिसतं?"

"खोलगट हाय," उन्नती म्हणाली. "बशीसारखं."

"कडा?"

"कडा नाय. गुळगुळीत."

चिरागने खिशातून एक जुनी पितळी किल्ली काढली आणि कानशीने तिच्यावर दोनचार फटकारे मारले. ती टॉर्चसमोर धरली. तिच्यावर एका दिशेने गेलेल्या बारीक, धारदार रेघा. "कानस अशी चालते. नाव काढायची घाई असेल तर माणूस असंच घासणार, आणि ह्या रेघा सहजी जात नाहीत. घंटेवर त्या आहेत का?"

दर्पण नाक टेकवून बघत होता. "नाय," तो नाइलाजाने म्हणाला.

"हे हत्याराने नाही झालं. हे बोटांनी झालंय. बोटं, चिंच आणि राख. खूप वर्षं, थोडं थोडं."

अहो, मी हे ओळखायला हवं होतं! आमच्या देवळात दगडी पादुका आहेत. त्यांच्यावरची बोटं कोरली होती तशी आता राहिली नाहीत. कपाळं टेकून टेकून, हात फिरवून फिरवून त्या पादुका लोण्यासारख्या झाल्यात. त्या कोणी घासून काढल्या असं कोणी म्हणतं का? आणि इथे गावातल्या बाया आधी देवीपाशी, मग दरवर्षी शाळेत येऊन त्या अक्षरांना कपाळ समजून घासत होत्या, आणि त्याच बायांच्या घरात ते अक्षर कोणी पुसलं ह्याची चर्चा चालत होती.

"पहिला प्रश्न सुटला," रूपल म्हणाली. सकाळपासूनचं तिचं पहिलं वाक्य.

उन्नतीचा चेहरा उजळला. ती आजोबांसमोर जाऊन उभी राहिली. "आता दुसरा. आजोबा, खरं सांगायचं. धनी शोधला होता ना तुमी?"

"शोधला."

"कुठे कुठे?"

"वरच्या अंगाला, उत्तरेला. एकेक बंदर घेत गेलो. घंटा होडीतच व्हती. मना वाचाया येत नाय, तवा दाखवायची, इचारायचं, पुढं जायचं."

"आणि कोनीच मिलाला नाय. हो ना?"

विश्रामकाका छत्रीचं टोक फरशीवर फिरवत राहिले.

"आजोबा?"

"तू वकील झाली म्हनून सांगतो. खोटं नाय बोलनार. मिलाला."

दर्पण उडीच मारून उठला. "न्यायाधीश! धनी म्हायत व्हता! तरी घंटा परत आनली! टीचर, तुमी सांगितलं ना, म्हायत असून दडवली तर गुन्हा?"

रुचिताने फळ्यावरच्या दुसऱ्या प्रश्नाकडे बघितलं. उन्नती पांढरी पडली होती. मला वाटलं, आता ही खाली बसेल. बसली नाही. हळू आवाजात म्हणाली, "मग दिली का नाय?"

"एक बाय व्हती," काका म्हणाले. ते आता कोर्टाशी बोलत नव्हते, नातीशीच बोलत होते. "कडेवर पोर. घंटा बगितली आन सरल तिचा अंगठा घंटंच्या ह्या पोच्यावर गेला. न बगता. आपल्या घरचा हंडा आपुन अंधारात पन वलखतो ना, तसा. मी म्हनलं, झालं, मिलाली घंटा धन्याला. तिनं पदरानं घंटा पुसली. चांगली पुसली. आन मना म्हनली, आमची नाय."

"नाय म्हनली?"

"म्हनली, आमची होडी येनार हाय. उशीर झालाय, पन येनार हाय. आमची घंटा तिच्यावर हाय. मंग मना पानी दिलं, गुलाचा खडा दिला. आता मी काय बोलू, बाय? घंटा तिथं ठेवली असती तर तिला कललं असतं का आता कोन येनार नाय. ती तर तिला नको व्हती. मी उचलली आन आलो."

"मग गावात सांगायचं ना! चोर का म्हनू दिलं?"

काकांना हसू आलं. "आपल्या बाया सकालच्याला मासली घेऊन बाजारात बसल्या का इथली गोष्ट दुपारच्या आत वरच्या बंदराला पोचते. मी इथं एक शब्द बोललो असतो तर तो तिच्या दारात गेला असता. तुज्या आजीला सांगितलं फकत. जमनी काय बोलली नाय. कुंकवाचा करंडा घेतला, देवीपाशी गेली, आन घंटंला टिला लावला. म्हनली, तिचं ऱ्हाऊ दे. घंटा देवीपाशी व्हती तवर दर पुनवेला घासून लावायची. बाकीच्या बायांनी बगितलं, त्या पन लावाया लागल्या. कोनी इचारलं नाय कशापायी."

बाहेर कोणाच्या तरी अंगणात कोंबडी ओरडत होती, तेवढाच आवाज. आयुष्यभर मी कीर्तनं ऐकली. आख्यान रंगलं की बुवा एकदम थांबतात, टाळ थांबतात, आणि त्या शांततेत माणसाला जे ऐकू येतं ते कुठल्याही अभंगात नसतं. तशी ती शांतता होती. मी डोळ्यांना पदर लावला. रुचिता खिडकीकडे तोंड करून उभी होती. एवढी वाद घालणारी पोरगी, तिच्या मानेवरून कळत होतं की ती रडतेय.

"हे सगळं," दर्पण म्हणाला, पण त्याच्या आवाजातली फुशारकी गेली होती, "हे सगळं आजोबा सांगतायत. कशावरून? बाईंनी सकाली सांगितलं ना, कशावरून ते इचारायचं."

त्याचं चूक नव्हतं. मीच शिकवलं होतं.

चिराग टेबलापाशी गेला. "एक मार्ग आहे. अक्षर ठोकून कोरलेलं असलं तर वरून झिजलं तरी त्याच्या तळाचा फिकट ठसा कधीकधी उरतो. आडव्या उजेडात थोडं दिसू शकतं." त्याने टॉर्च अजून खाली आणला, अगदी घंटेच्या पोटाला टेकवला, आणि वाकून बघू लागला. "थांबा. आहे काहीतरी. ह्या अक्षरांना आपल्यासारखी वरची रेघ नाहीये, म्हणजे उत्तरेकडची, वरच्याच अंगाची होडी. आजोबा सांगतायत ते जुळतंय. पहिलं अक्षर…"

सगळा वर्ग पुढे सरकला. होडीचं नाव कळलं की बंदर शोधायला वेळ लागला नसता. बंदर कळलं की घर. मग कोणीही घंटाचोर म्हणणार नव्हतं. गावच्या बाजारात, देवळात, दर्पणच्या आईसमोर, उन्नतीला नाव दाखवता आलं असतं. ह्याच्यासाठीच तर ती सकाळी उठून उभी राहिली होती.

विश्रामकाका फक्त नातीकडे बघत राहिले.

उन्नतीने हात पुढे केला आणि चिरागच्या हातातला टॉर्च बंद केला.

"अगं!" चिराग म्हणाला. "दिसत होतं!"

"ती बाय असंल अजून," उन्नती म्हणाली. "कडेवर पोर व्हतं ना. ते पोर तरी असंल." मग न्यायाधीशाकडे वळली. "आमच्याकडे आनखी पुरावा नाय. जेवढा हाय त्यावर निकाल द्या."

रूपलने मग खिडक्या उघडायला लावल्या. उजेड आला, बोंबलांचा वास आला.

"नाव घासलेलं नाय, झिजलं," ती म्हणाली. "धन्याला घंटा दिली व्हती, धन्याने घेतली नाय. म्हंजे दडवली असं नाय म्हनता येत. आजोबा निर्दोष हायत. आनि बाईचं जे बोलनं झालं ते ह्या वर्गात ऱ्हाईल. टीचर, असं सांगता येतं का कोर्टात?"

"येतं," रुचिता म्हणाली. "दारं लावून खटला चालवता येतो."

"मग आपली दारं लावलेली व्हती असं लिहा."

विश्रामकाकांनी टोपी सारखी केली. "संपलं का? मंग मी जाऊ? टीव्हीवाला येनार हाय."

सुटायची वेळ झालीच होती. दर्पण आणि चिरागने घंटा परत टांगली. दर्पणने लाकडी टोला आणून काकांपुढे धरला. मान खाली होती. काका मागे सरकले.

"मी नाय वाजवत, बाबा. कदी वाजवली नाय. माजी नाय ती."

मग उन्नतीने वाजवली. त्या आवाजात आम्ही सगळे सुटलो आहोत, मी, रुचिता, चिराग, आणि आमच्या आधीचे नि नंतरचे. तो आवाज मला पाठ होता. त्या दिवशी मात्र तो लांबून, समुद्रावरून आल्यासारखा वाटला.

रुचिताने शब्द पाळला. मी देवळात पोचले तेव्हा बुवा उपरणं सारखं करत होते. ते काय बोलले, कुठलं आख्यान लावलं, आता काही आठवत नाही. कपाळावर बुक्का लावून घेताना मला ती पितळी बशी आठवत होती, एवढंच.

पुढल्या आठवड्यात रुचिताने फोनवर सांगितलं, दर्पणच्या आईने बाजारात सगळ्यांदेखत त्याला विचारलं, काय रे, घंटाचोराचं काय झालं? हा म्हणाला, "सुटले." ती म्हणाली, "कसे काय सुटले?" हा म्हणाला, "कोर्टाचा निकाल हाय, आये. उगाच वाद घालू नको." आणि मासळीची पाटी उचलून चालू लागला. उन्नती शेजारीच उभी होती. तिनेही काही सांगितलं नाही.

म्हणून गावाचं नाव मी लिहिलं नाही. माणसांची नावंही जरा इकडची तिकडे केली आहेत. येत्या नारळी पौर्णिमेला जाणार आहे. कुंकू बोईसरच्या बाजारातून घेऊन ठेवलंय.